दोन टेम्पो मुराळी

वरवंटा मी विहिणीच्या तोंडावर हाणला. डोक्यात नाही, पाठीत नाही, तोंडावर. ती बोलायला तोंड उघडत होती म्हणून.

दात तुटल्याचा आवाज मी ऐकला आहे. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा येतो. ती मागं कोलमडली, चुलीवर आपटली आणि दोन्ही हातांची ओंजळ तोंडाखाली धरून बसली. ओंजळ भरली. भरल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा काहीतरी बोलायला गेली. मी वरवंटा परत उचलला तेव्हा ती गप झाली. मी बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली. कडी मी घातली, दुसऱ्या कुणी नाही.

बाहेर अंगणात माझी लेक होती. सरकारी दवाखान्यातून आणलेली, पांढऱ्या कापडात बांधलेली. वय सत्तावीस. त्याच दिवशी सकाळी तिनं सासरच्या विहिरीत जीव दिला होता. पंचमी होऊन दोनच दिवस झाले होते. शेजारच्या लिंबाला पोरींचे झोके अजून तसेच बांधलेले होते.

ते गाव केज तालुक्यातलं, युसूफ वडगावच्या पुढचं. आमचं गाव गेवराई तालुक्यात, चकलांब्याच्या अलीकडं. मधे अर्धा दिवस खाणारा रस्ता. तेवढ्या लांबून आम्ही दोन टेम्पो भरून आलो होतो. माझी दोन पोरं, माझे भाऊ, त्यांची पोरं, भावकी, बायका. काठ्या कुणी घ्यायला सांगितल्या नव्हत्या. सगळ्यांच्या हातात होत्या.

जावई आम्ही यायच्या आधीच पळाला होता. घावला तो त्याचा बाप. म्हातारा हात जोडून पुढं आला आणि माझ्या थोरल्यानं त्याच जोडलेल्या हातांवर काठी घातली. मग बाकीचे तुटून पडले. जावयाची मोटारसायकल आडवी करून पेटवली. ज्वारीची पोती फाडून गटारीत ओतली. माझ्या भाच्यानं दावणीला बांधलेल्या शेळीच्या कमरेत दगड घातला. शेळीनं काय केलं होतं हे त्याला कुणी विचारलं नाही. माझी बहीण विहिणीच्या झिंज्या धरून तिला ओसरीवरून आत फरफटत घेऊन गेली आणि मी मागून गेले. चुलीपाशी पाटा-वरवंटा होता. पाट्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा अर्धा वाटून पडला होता. लेकीनंच सकाळी वाटायला घेतला असावा. वरवंट्याला मिरची लागलेली होती, तसाच मी उचलला.

तोवर बहीण बाहेर गेली होती. आत आम्ही दोघीच. विहीण म्हणाली, "ईनबाई, मी तुमाला फोन केलता. धा दिसांखाली मी सोता..."

एवढंच म्हणू दिलं मी तिला.

ती खोटं बोलत नव्हती. पंचमीच्या आठ दिवस आधी तिचा फोन आला होता. म्हणाली, "ईनबाई, तुमच्या लेकीचं काही खरं दिसत न्हाई मला. दोन दोन दिस जेवत न्हाई. माझं पोरगं माझं ऐकत न्हाई, हात उचलतं तिच्यावर. पंचमीला जरा आधीच मुराळी धाडा. चार दिस नेऊन ठेवा."

मी म्हणाले, "तुमचं पोरगं तुमी आवरा. आमच्या दारात धाडून मोकळं व्हायचं हाय का तुमाला?"

"तसं न्हाई वो."

"मग कसं?"

तिनं फोन ठेवला. विहीण काही देवमाणूस नव्हती. माझ्या लेकीला तिनं कमी टोचलेलं नाही. पीठ काढायला गेली की डब्यापाशी येऊन उभी राहायची, म्हणायची, चार भाकरीला एवढं लागतं का. पण फोन तिनं केला होता.

मुराळी म्हणजे काय हे आता शहरातल्या पोरींना सांगावं लागतं. लेकीला सासरहून माहेरी न्यायला माहेरचा जो माणूस जातो तो मुराळी. भाऊ असेल तर भाऊ, नाही तर चुलता, भाचा, कुणीही, पण माहेरचा पाहिजे. पंचमीला, दिवाळीला मुराळी आला की बाई पिशवी भरते. मुराळी आला नाही तर ती घरातच राहते, आणि अख्खी गल्ली तिला विचारते, अजून आला न्हाई का गं तुझा भाऊ. आपल्या मनानं, एकटीनं माहेरी आलेली बाई म्हणजे भांडून आलेली बाई. आमच्याकडं असंच आहे. मीही अशीच वाट बघत चाळीस पंचम्या काढल्या.

आमच्या घरात मुराळी थोरला पोरगा. दर वर्षी तोच जायचा. आदल्या वर्षी दिवाळीला त्यानं तिला आणली ती संक्रांत झाली तरी परत जायचं नाव काढीना. तिच्या पाठीवर वळ होते. मी पाहिले. तेल गरम करून लावलं. माझ्या पाठीवरही माझ्या वेळी होते, त्याचं मी कुणाला कौतुक सांगितलं नव्हतं, म्हणून तिचंही ऐकून घेतलं नाही. गल्लीत बायका विचारू लागल्या. थोरली सून ताटं आपटू लागली. शेवटी मी स्वतः तिला नेऊन घातलं. टेम्पोतून उतरताना ती म्हणाली, "माय, तू चहा तरी घेऊन जा." मी चहा न घेता परत आले.

म्हणून त्या पंचमीला थोरला म्हणाला, "औंदा मी जात न्हाई. आणली की जायची न्हाई ती." मी म्हणाले, "नको जाऊ." एवढ्यावर मिटलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी लेकीचा फोन आला.

"माय, दादा निघाला का?"

"औंदा मुराळी न्हाई धाडत. पोळ्याला बघू."

"कावून?"

"तू आलीस की हलत न्हाईस. लोकं इचारतेत."

"चारच दिस ऱ्हाते. आण घेते पोरीची."

"पोरीची आण घेऊ नको."

फोनमधे मागं तिच्या पोरीच्या चपलांचा आवाज येत होता. शिवरात्रीला परळीच्या जत्रेत मीच घेतल्या होत्या, लाल, टाच दाबली की चूं वाजणाऱ्या. लेक म्हणायची, माय, कसल्या चपला दिल्यास, दिवसभर डोकं उठवते ही.

मग म्हणाली, "मी एकटीच येऊ का येश्टीनं? बीडला बदलते, गेवराईला उतरते. तितून येते की रिक्षानं."

"एकटी आलीस तर उंबऱ्यावरून वापस धाडीन."

"बरं," ती म्हणाली.

ते बरं हा तिचा माझ्याशी शेवटचा शब्द. रागानं म्हणाली नाही. मीठ आणायला सांगितल्यावर पोर बरं म्हणते तसं म्हणाली. एसटीला पैसे होते तिच्याजवळ. रस्ता माहीत होता. पाय धड होते. पण मुराळी नव्हता, आणि मी उंबऱ्याचं बोलले होते.

फोननंतर तिसऱ्या दिवशी सकाळी खबर आली. आम्ही निघालो. टेम्पोत माझ्या भावानं विचारलं, "आक्का, पंचमीला आली कावून न्हाई ती?"

मी म्हणाले, "धाडली न्हाई त्यांनी."

थोरला पुढं ड्रायव्हरजवळ बसला होता. मधल्या खिडकीतून त्यानं ऐकलं. मान वळवली नाही.

बीड सोडून मांजरसुंब्याला येईपर्यंत ते "धाडली नाही" एवढंच होतं. नेकनूरला टेम्पो पाण्यासाठी थांबला तिथं मागच्या टेम्पोतल्यांनी ते "कोंडून ठेवली" असं ऐकलं. केजच्या दवाखान्यात उतरलो तेव्हा भाच्याच्या तोंडून "ढकलून दिली" असं निघालं. मी ऐकत होते. तीन वेळा मला ते खोडता आलं असतं. त्या कालवणात मीठ मीच टाकलं होतं. आता ते चाळीस माणसं खात होती.

घरासमोर आम्ही उतरलो तेव्हा नळावरची एक म्हातारी, तोंडात तंबाखूची गोळी, शेजारणीला म्हणाली, "बघ गं. पंचमीला एक मुराळी घावला न्हाई ह्यांना, आन् आज दोन टेम्पो भरून आले."

ते माझ्या कानावर आलं. थोरल्याच्याही आलं. तो तिच्याकडं वळला नाही. तो म्हाताऱ्या व्याह्याकडं गेला आणि जोडलेल्या हातांवर काठी घातली. मी आत गेले. पुढचं सांगितलं आहे.

कडी घालून मी लेकीच्या उशाशी येऊन बसले. दारापासून चार हातांवर. भावकीत आता एकच बोलणं चाललं होतं, दारात जाळायची. सासरी लेक मेली आणि माहेरच्यांचा राग शांत झाला नाही की असं करतात. सासरच्यांनी रोज तिच्या राखेवरून आत-बाहेर करावं म्हणून. पूर्वी मी ऐकून होते. असं करणाऱ्यांत आपण असू असं वाटलं नव्हतं.

गोठ्याचं छप्पर उतरवून वासे आणले. बैलगाडीच्या साटीच्या फळ्या मोडल्या. लेकीच्या लग्नात आम्ही दिलेला पलंग मी कडी घालायच्या आधीच कुणीतरी आतून बाहेर ओढला होता, तो कुऱ्हाडीनं फोडला. सागाचा होता, चांगला फुटला. सगळं उंबऱ्याला टेकवून रचलं. त्या घराला दार एकच. शेजारच्या भिंतीत हातभर जाळीची खिडकी. वर पत्रे.

पोलिसांची जीप आली होती. तिघं होते. जमादार फोनवर अजून माणसं मागत होता. गावातली माणसं धाब्याच्या छपरांवर चढून बघत होती आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल वर धरलेला होता. सकाळी ज्यानं तिला पाण्यातून काढलं तो गडी कुडाला टेकून बसला होता. कपडे अंगावरच वाळलेले. तो कुणाकडंच बघत नव्हता. पुढं कळलं, त्यानं त्या दिवसापासून विहिरीत उतरायचं सोडलं. पोहणारा म्हणून अख्ख्या पंचक्रोशीत नाव होतं त्याचं. मोटार अडकली तरी तो आता उतरत नाही.

मी थोरल्या सुनेला विचारलं, "पोरगी कुठं हाय?"

लेकीची पोरगी. चार वर्षांची. इतका वेळ मी विचारलं नव्हतं.

"शेजारी नेली म्हणं कुणीतरी," सून म्हणाली.

"म्हणं" वर मी समाधान मानलं.

जमादार पुढं आला. "आत बाई हाय ना रे? दार काढा आधी."

भाचा म्हणाला, "तिला आतच ऱ्हाऊ द्या साहेब. तिनंच ढकलली."

"कुणी पायलं?"

"साऱ्या गावाला माहीत हाय."

जमादारानं त्याच्या छातीवर हात ठेवला तर चौघांनी मिळून त्याला जीपपर्यंत मागं रेटत नेलं. तेवढ्यात थोरल्यानं लेकीला उचलून रचलेल्या लाकडावर ठेवलं. ज्या हातांनी दर वर्षी तिची पिशवी टेम्पोत ठेवायचा त्याच हातांनी. डिझेलचा डबा टेम्पोतलाच. त्यानं काडी ओढली.

सागाला लगेच धरलं नाही. वासे आधी पेटले. धूर दाराच्या फटीतून सरळ आत जाऊ लागला. आतून दारावर हात आपटायला लागला. विहीण काहीतरी ओरडत होती, पण शब्द नव्हते. नुसता घशातला घर्रर्र आवाज, फुटलेल्या ओठांतून हवा यावी तसा. बायका म्हणाल्या, "ऐका, आता कशी बोंबलतीया." माझी बहीण म्हणाली, "माझ्या भाचीला अशीच बोंबलायला लावली असंल."

ती काय म्हणत होती ते कुणाला कळणार नव्हतं. म्हणायचं साधन मी मोडलं होतं.

मग हात आपटायचा थांबला. मला वाटलं, संपली. मी मान खाली घातली.

आणि दाराच्या खालच्या फटीतून आवाज आला. चूं.

मी ओळखला, पण ओळखला असं मनात यायला एक क्षण गेला. पुन्हा आला. चूं. चूं. कुणीतरी चालल्यासारखा नाही. एकाच जागी, सारखा, हातानं दाबल्यासारखा. चूं चूं चूं चूं.

पोरगी शेजारी नव्हती. आतल्या खोलीत बाजेखाली होती, आणि भ्यालेली पोर रडतसुद्धा नव्हती. विहीण दारापाशी पालथी पडून पोरीची चप्पल फटीला लावून दाबत होती. जीभ चालत नव्हती म्हणून चपलेनं बोलत होती. आणि ते बोलणं माझ्याशिवाय तिथं कुणाला समजलं नसतं, कारण चपला मी घेतलेल्या.

मी उठले आणि जाळात हात घातला. ह्यात काही मोठेपणा नाही. माझ्या हातानं कडी घातली होती, दुसऱ्या कुणाला तिथं हात घालायला सांगायला तोंड नव्हतं. पेटलेला वासा ओढला, तो लुगड्यावर पडला. मी ओरडले, "पोरगी आत हाय. पोरगी आत हाय, दार काढा."

थोरला पहिल्यांदा तसाच बघत राहिला. मग त्याला समजलं. त्यानं बहिणीचं मढं जाळावरून उचलून बाजूला घेतलं, स्वतःच्या बाह्या पेटलेल्या असताना, आणि लाथांनी लाकडं उडवली. कडी तापून लाल झाली होती. मी पदरानं धरली तरी हाताचं कातडं तिला चिकटून राहिलं. दार ढकललं.

विहीण बाहेर आली ती गुडघ्यांवर. पोरगी तिच्या पोटाशी, ओल्या गोधडीत गुंडाळलेली. रांजणातलं पाणी तिनं पोरीवर ओतलं होतं, स्वतःवर नाही. तिच्या हातात एक लाल चप्पल होती. बाहेर उजेडात आल्यावरही विहीण ती दाबतच होती.

सुनेनं पोरगी ओढून घेतली. पोरगी बाजूला झाली आणि विहीण एकटी अंगणात उरली, तसं भोवती पुन्हा कडं झालं. भाचा म्हणाला, "पोरगी वाचली ना. आता हिला बघू." थोरल्यानं काठी उचलली. त्याचे हात भाजलेले होते तरी त्यानं काठी धरली. तो थांबू शकत नव्हता. थांबला असता तर त्याला बसून विचार करावा लागला असता. मला ते दिसत होतं, कारण माझंही तेच होतं.

मी मधे गेले. म्हणाले, "हिनं न्हाई मारली तिला. कुणीच ढकलली न्हाई. तिनं पंचमीला यायला मागितलं, मी न्हाई म्हणाले. एकटी येते म्हणाली, मी उंबऱ्यावरून वापस धाडीन म्हणाले. हिनं फोन केलता मला, मुराळी धाडा म्हणून. मीच न्हाई धाडला. टेम्पोत खोटं बोलले मी."

मग माझा भाऊ हळूच म्हणाला, "आक्का, तुझं डोकं ठिकाणावर न्हाई आत्ता. बस खाली."

"माझं डोकं ठिकाणावर हाय. ह्याला इचारा. मुराळी हाच."

मी थोरल्याकडं बोट केलं. त्यानं काठी फिरवली आणि ती माझ्या खांद्यावर बसली. हाड मोडलं. विहिणीला मारायची होती आणि मधे मी आले, की मलाच मारली, हे मी त्याला आजपर्यंत विचारलेलं नाही. त्यानंही सांगितलेलं नाही. काठी टाकून तो खाली बसला आणि स्वतःचं डोकं ओसरीच्या दगडावर आपटायला लागला. चौघांना धरावं लागलं.

माणसं एकेक करून टेम्पोकडं गेली. ज्यांनी मारलं होतं त्यांना आता कुठं बघावं कळत नव्हतं. माझी बहीण जाताना माझ्यापाशी थांबली आणि पायाजवळ थुंकली. ती त्यानंतर माझ्याशी बोलली नाही, आणि आता ती नाही. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. तिच्या हातून मी पाप करवून घेतलं होतं.

लेकीला संध्याकाळी गावाच्या स्मशानात नेलं. त्याच गावाच्या लोकांनी खांदा दिला.

पोलिसांनी दोन्हीकडच्या माणसांना धरून नेलं. जावई चार दिवसांनी सापडला. तो हात उचलायचा हे खरं होतं, आणि ते मी कोर्टात सांगितलं. फोनचंही सांगितलं. वकील म्हणाला, आजी, दुसरं सांगायची गरज नव्हती. जावई काही वर्षं आत राहिला. आता परळीकडं वीजकेंद्राच्या राखेच्या गाड्यांवर असतो, दुसरं घर केलं आहे. पोरीकडं येत नाही. म्हाताऱ्या व्याह्याचे हात काही जुळले नाहीत. भाकरी मोडून तोंडात घालायला विहीण लागायची. दीड वर्षानं तो गेला.

पोरगी कुणाकडं राहायची ह्यावर भावकी बसली. थोरला म्हणाला, आमच्याकडं. मी म्हणाले, ज्या बाईनं पाणी तिच्यावर ओतलं तिच्याकडं. तिथं कुणी वाद घातला नाही.

थोरला जिवंत आहे, धडधाकट आहे, शेती करतो. पंचमीच्या दिवशी शेतातून घरी येत नाही. त्याच्या लेकीचं लग्न झालं तेव्हा मांडवात सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "वाट बघू नको कुणाची. मनात आलं की येश्टीत बसायचं. भांडून ये, न सांगता ये, एकटी ये." त्याचे नवे व्याही ते ऐकून नाराज झाले. म्हणाले, लग्नात असं अभद्र कुणी बोलतं का. हा म्हणाला, "मी बोलतो."

मुराळी म्हणून आता मी जाते. दर पंचमीला, एसटीनं, बीडला बदलून. मोडलेल्या खांद्यानं पिशवी धरवत नाही, ती दुसऱ्या हातात. आमच्यात म्हातारी मुराळी म्हणून जात नाही, आणि आईची आई तर नाहीच. पहिल्या वर्षी विहिणीनं दार उघडलं, मला बघितलं आणि दार लावून घेतलं. मी ओसरीवर बसून राहिले. ओसरीच्या दगडावर थोरल्याच्या डोक्याचा डाग होता, कुणी घासला नव्हता. दुपारनंतर दार उघडलं आणि तांब्या बाहेर आला. चौथ्या वर्षी पोरीची पिशवी भरून ठेवलेली होती.

उंबरा अजून तोच आहे. एका बाजूनं काळा. विहीण तो बदलत नाही आणि मी विचारत नाही.

नात आता तेरा वर्षांची आहे. गेल्या पंचमीला मी गेले तर ती मोबाईल घेऊन बसली होती. तिच्या वर्गातल्या कुणीतरी तिला ते दाखवलं होतं. धाब्यावरून कुणी काढलेलं, अजून फिरतं आहे. दारातला जाळ दिसतो, माणसं दिसतात, एक म्हातारी लुगड्याला आग लागलेली दिसते.

"चकलांब्याच्या आजी," ती मला म्हणाली, "ही तूच हायेस ना?"

"हो."

"आन् मोठ्या आजीचे दात कुणी पाडले? ह्यात दिसत न्हाई."

विहीण चुलीपाशी होती. भाकरी दुधात कुस्करत होती. ती तेव्हापासून कुस्करूनच खाते. तिनं मान वर केली नाही.

"मी पाडले," मी म्हणाले. "वरवंट्यानं."

"कावून?"

"ती खरं बोलणार होती."

"मग?"

"मग मीच बोलले."

विहीण चुलीकडं बघतच म्हणाली, "दात पाडल्यावर बोलली." तिचं बोलणं आता नुसतं फसफसतं. सवय नसलेल्याला कळत नाही. नातीला कळतं आणि मला कळतं.

नात हसली नाही. तिनं मोबाईल पालथा ठेवला. थोड्या वेळानं विचारलं, "माझ्या मम्मीनं मला कावून न्हाई नेलं संगं?"

विहीण म्हणाली, "तू झोपलेली होतीस." मग दुधाची वाटी पुढं सरकवून म्हणाली, "पिशवी भर. तीनची येश्टी हाय. ही म्हातारी पायी न्यायची न्हाई तुला."

आम्ही तीनच्या एसटीनं निघालो. विहीण उंबऱ्याच्या आत उभी होती.

त्या घरातून त्या दिवशी दोघी जिवंत निघाल्या, माझी विहीण आणि माझी नात. बाहेर अंगणात मी होते, मीही राहिले. लेक राहिली नाही.